घर म्हणायचं की गाव

आई, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुझा आवाज आठवायचा तर मला आधी तुझं एखादं काम आठवावं लागतं. काम डोळ्यांपुढं आलं की त्याच्या मागोमाग आवाज येतो. बहुतेक वेळा ते काम एकच असतं. परसातला आड आहे, कोवळं ऊन नुकतं कठड्यावर आलंय, तू पोहरा वर ओढतेस, घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरतेस आणि पाणी सावकाश ओततेस. घागर भरली की फडकं उलटं करतेस, गाळलेल्या पाण्यानं ते पोहऱ्यातच धुतेस आणि पोहरा पुन्हा खाली सोडतेस. अगदी पाण्याला टेकेपर्यंत. मग दोरीला हलका हिसका देऊन तो कलता करतेस. वरनं ओतलं तर लागंल त्यास्नी, असं म्हणतेस. 'त्यास्नी' म्हणजे कुणाला हे मी विचारत नाही. मला ते कोण आहेत हे ठाऊक असल्यासारखंच वाटतं. आडाच्या तळाशी कुणीतरी राहतं, रोज सकाळी चुकून वर येतं आणि आई त्यांना घरी पोचवते, एवढं मला कळतं आणि ते मला पुरतं.

नदीकाठचं आपलं गाव सांगलीपासून सायकलीच्या अंतरावर होतं आणि त्यात आपली जैनांची घरं थोडीच. अण्णा ऊस आणि हळद करायचे. दिवेलागणीच्या आधी आपली जेवणं उरकलेली असायची, त्यामुळे संध्याकाळ मोठी वाटायची. तू उंबऱ्यात बसून माझे केस विंचरायचीस आणि विंचरता विंचरता जीव सांगायचीस. ज्यांना नुसतं शिवलेलं कळतं ते एका इंद्रियाचे: पाणी, माती, झाडं. ज्यांना शिवलेलं कळतं आणि चवही कळते ते दोनाचे: अळी, जळू, शंखातला किडा. वासही कळतो ते तीनाचे: मुंगी आणि माझ्या डोक्यातली ऊ. तिथं आलीस की तू फणी थांबवून हसायचीस. मग डोळे असलेले माशी न् भुंगा, आणि शेवटी कान असलेले आपण, गाय, बेडूक, मासा. मला ते झोपेत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांसारखं वाटायचं. मुंगीपर्यंत येईतो माझे डोळे मिटलेले असायचे, त्यामुळे माझ्या स्वप्नांत माणसं कमी आणि मुंग्या जास्त असायच्या. कांदा, बटाटा आपल्या घरात का येत नाही हेही तू तसंच सांगितलं होतंस. त्यांच्या एका अंगात मोजता येणार नाहीत इतके जीव राहतात, एकदमच श्वास घेतात आणि एकदमच मरतात. ते ऐकून मी शेजारच्या घराबाहेर टांगलेल्या कांद्याच्या माळेकडे जत्रेकडे बघावं तशी बघायची.

आणि मग आठवीत विज्ञानाचे नवे सर आले. माणदेशातले, दहिवडीच्या बाजूचे, उंच, सावळे. शिकवताना पुस्तकासारखं बोलायचे आणि फळ्याकडून वळले की लगेच आपल्या गावासारखं. शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षं कुलपात पडलेलं सूक्ष्मदर्शक त्यांनी बाहेर काढलं, पुसलं आणि सांगितलं, उद्या येताना एकेक कांदा आणा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या बाकावर कांदे होते, माझ्या बाकावर काही नव्हतं.

"तुझा कुठाय गं?"

"आमच्यात कांदा येत न्हाई, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी आपल्याजवळचा कांदा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "मग आज तूच सोल. भ्यायचं न्हाई, चावत न्हाई त्यो." मी आयुष्यात पहिल्यांदा कांदा हातात घेतला. त्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूला एक पापुद्रा असतो, माशीच्या पंखासारखा. तो सरांनी मला चिमटीत धरून सोलायला लावला, काचपट्टीवर पसरला, त्यावर आयोडीनचा थेंब सोडला. मी डोळा लावला. आधी नुसताच उजेड दिसला, मग सरांनी बाजूची चकती फिरवली आणि उजेडातून भिंती वर आल्या. एकाला एक लागून खोल्याच खोल्या, कुठंही मोकळी जागा नाही, आणि प्रत्येक खोलीत एक ठिपका, दिवा लावून ठेवल्यासारखा. शाळा सुटल्यावर मी पळत घरी आले.

तू चुलीपुढं होतीस, भाकरी थापत. मी जवळ बसले तशी तू मान वळवलीस. "हाताला वास कसला?" मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ओरडणार. तू फक्त म्हणालीस, "हात धू जा. माती लावून धू." मी धुऊन आले, तू हात हुंगून बघितलेस, आणि मग म्हणालीस, "आता सांग. खोल्या हायत म्हणालीस. त्यात राहतंय कोण?"

"कोण न्हाई राहत, आई. ती खोलीच जित्ती असती. तिला पेशी म्हणत्यात."

"भित बी जित्ती?"

"भित न्हाई. आतलं."

तुझे पिठाचे हात तसेच थांबले होते आणि तव्यावरची भाकरी करपत होती. "मग आमी येगळं काय म्हणतोय," असं तू हळूच म्हणालीस, माझ्याशी नव्हे, चुलीशी. दुसऱ्या दिवशी मी ते सरांना सांगितलं. सर म्हणाले, "दोन्ही गोष्टी एकच हायत असं न्हाई गं. तुझी आई जीव म्हणती ते येगळं आणि मी पेशी म्हणतो ते येगळं. पर शेजारी बसू देत की. भांडत्यात का बगू."

पुढं दुष्काळाचं वर्ष आलं. कृष्णा वाळूत डबक्याडबक्यांनी उरली. आडाचं पाणी खाली गेलं, पोहऱ्यात चिखल येऊ लागला, आणि तू फडकं दुहेरीचं चौहेरी केलंस. त्याच दिवसांत सरांनी आम्हांला एकपेशीय जीव शिकवले. एक पेशी म्हणजेच अख्खा प्राणी. तीच त्याचं तोंड, तीच पोट, तीच पाय. ते इतके बारीक असतात की फडक्याची भोकं त्यांच्यापुढं वेशीएवढी. हे कळल्यावर मला राहवलं नाही. तू आडावर होतीस आणि मी कठड्याला टेकून म्हणाले, "आई, तू उगं गाळत बसतीस. ते फडक्यातनं सरळ जात्यात."

तू पोहरा कठड्यावर ठेवलास. त्या दिवशीचं तुझं तोंड मला अजून दिसतं, कपाळावर चिखलाचा शिंतोडा होता. "समदे वाचत न्हाईत हे मला ठावं न्हाई व्हय गं?" तू म्हणालीस. "तू शिकायच्या आधीपास्नं ठावं हाय. जेवढं वाचत्यात तेवढं वाचत्यात. तेवढ्यासाठी गाळायचं." माझी मान खाली गेली. तू पुन्हा दोरी हातात घेतलीस, पोहरा खाली सोडलास, आणि पाठमोरीच म्हणालीस, "पर ते सरळ जाणारे कसे दिसत्यात, मला दाखीव एकदा."

म्हणून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला तू आलीस. शाळेच्या पायरीवर तू त्याआधी कधी चढली नव्हतीस. धुतलेलं जरीकाठी लुगडं नेसून आली होतीस, देवळात जाताना नेसायचीस ते. खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडलेलं होतं, त्याच्या आरशानं ऊन पकडून वर पाठवलेलं, आणि काचपट्टीवर नदीतल्या हिरव्या डबक्याचं पाणी. तुला एक डोळा मिटता येईना. दोन्ही मिटायचे नाहीतर दोन्ही उघडे. सरांनी सुचवलं, "अक्का, पदरानं झाका तो डोळा." तू डावा डोळा पदराखाली घेतलास आणि वाकलीस. "काळं काळं केसागत दिसतंय." "त्या तुमच्याच पापण्या. जरा मागं व्हा." तू मागं झालीस, आणि मग तुझ्या तोंडून जे निघालं ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही. ते "आगं बाई"सुद्धा पुरतं नव्हतं, अर्ध्यात थांबलं होतं.

हिरवे गोल गरगरत चालले होते. पारदर्शक, सावकाश, वारा नसताना. प्रत्येक गोलाच्या कडेनं हिरवे ठिपके, आणि काहींच्या आत आणखी लहान गोल.

"ह्याच्या पोटात पोरं हायत," तू डोळा न काढता म्हणालीस.

"व्हय अक्का, पोरंच. आणि त्या कडंच्या प्रत्येक ठिपक्याला दोन शेपट्या असत्यात. त्यो एकेक ठिपका एकेक जीव हाय. समदे मिळून वल्हवत्यात तवा गोल फिरतो."

"मग हा एक जीव का लय जीव?"

सरांनी डोकं खाजवलं. "एकेकटे जगणारे बी असत्यात तसले. हे एकमेकाला धरून राहिल्यात. काहींनी वल्हवायचं, काहींनी पोरं काढायची, असं वाटून घेतलंय."

"घर म्हणायचं का गाव?"

"तेच ठरंना झालंय," सर म्हणाले, "शिकल्याल्यांना बी."

तू बघत राहिलीस. मागची रांग कुरकुरायला लागली. "आवं अक्का, आमाला बी बगू द्या की," पाटलांची सून म्हणाली. तू ऐकलं नाहीस. मी तुझा पदर ओढला तेव्हा तू डोकं वर केलंस, आणि मी ज्याची भीती घेतली होती ते तुझ्या चेहऱ्यावर नव्हतंच. गाळूनसुद्धा आपल्या पाण्यात जीव राहतात हे बघून तू खचशील, पाणीच सोडशील असं मला वाटत होतं. तू तर माहेरची माणसं भेटल्यासारखी दिसत होतीस. आयुष्यभर ज्यांना न बघता घरी पोचवलंस ती माणसं. तू पुन्हा वाकलीस आणि एकदम विचारलंस, "हे थांबायला का लागलं?"

"थेंब वाळतोय. उन्हानं."

"मग सोडा की त्यास्नी."

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. सर हसू शकले असते, तसं झालं असतं तर आपली गोष्ट तिथंच संपली असती. त्यांनी ड्रॉपरनं काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकला, चित्रकलेच्या मास्तरांना टेबल सांभाळायला सांगितलं, काचपट्टी तळहातावर आडवी धरली, दुसऱ्या हातात भरलेला ड्रॉपर घेतला आणि निघाले. पुढं सर, मागं तू आणि मी. भर बाजारपेठेतून. सर ताटातलं निरांजन विझू नये म्हणून चालतात तसे चालत होते आणि दर थोड्या अंतरावर तू म्हणायचीस, "पाणी घाला, वाळंल." वाटेत कुणी विचारलं, काय नेताय? सर म्हणाले, "पावणं हायत. पोचवायला चाललोय."

नदीच्या उतारावर सर बोलले. "आमच्याकडं औंदा डबकं बी ऱ्हायलं न्हाई, अक्का. माणसं टँकरच्या वाटंला डोळं लावून बसल्यात. गुरं छावणीत. पोरं मुंबईला." तू थांबलीस. "मग ह्यांचं काय हुतं तिकडं? मरत्यात?" सर म्हणाले, "लय मरत्यात. पर काही काही अंगाभोवती जाड साल करून घेत्यात. गोळीगत व्हत्यात आणि तळ्याच्या मातीत पडून ऱ्हात्यात. धुरळा म्हणून आपुन तुडवतो ते त्येच असत्यात कवा कवा. पाणी आलं की उठत्यात." हे ऐकून तू जी हसलीस! सर तुला माणदेशाबद्दल सांगत होते, त्यांच्या घरच्यांची काळजी त्या आवाजात होती, आणि तू त्यांच्या दंडाला हलकेच हात लावून म्हणालीस, "मग उठतील की, सर. समदे उठतील." मग वाळूत बसून तू काचपट्टी स्वतःच्या हातात घेतलीस आणि ती त्या हिरव्या पाण्याखाली नेऊन कलती केलीस. त्या दुपारचं ऊन, तुझं ओलं मनगट आणि सरांच्या धुळीनं भरलेल्या वहाणा, एवढं मला आजही चित्रासारखं दिसतं. आपण तिघं बराच वेळ त्या डबक्याकडे बघत बसलो होतो. दिसत काहीच नव्हतं.

मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाले तेव्हा जयसिंगपूरकडचं एक स्थळ आलं होतं. अण्णांना ते पसंत होतं. तू जेवण वाढता वाढता म्हणालीस, "तिला त्या काचंतनं बघाय येतंय. बघू दे आणि थोडं." अण्णांनी मान वर केली. तू वाढत राहिलीस. त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि मी सांगलीच्या कॉलेजात नाव घातलं.

दुसऱ्या वर्षी बेडूक आला. तुला न सांगता करता आलं असतं, वर्गातल्या दोघी जैन मुली तसंच करणार होत्या. मला ते जमलं नाही. मी एसटीतून उतरून घरी आले आणि सरळ सांगितलं की बेडूक कापायचा आहे. तुझ्या पायऱ्यांवर तो सगळ्यात वर होता, आपल्या शेजारी, कान असलेला. तू तांदूळ निवडत होतीस. कितीतरी वेळ निवडत राहिलीस. मग म्हणालीस, "करू का म्हणून मला इचारू नको. मी व्हय म्हणणार न्हाई. आणि तुला शिकायचं हाय तर मी नको बी म्हणणार न्हाई. तुझं तू बघ." त्यापेक्षा तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. मी त्या आठवड्यात नीट जेवले नाही. आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी माझ्या पिशवीत एक पांढरा एप्रन घडी करून ठेवलेला. अण्णांच्या नव्या धोतराचा, हातशिलाईचा, टाके इतके बारीक की दिसू नयेत. खिशाला आतून दुहेरी कापड लावलेलं होतं, हत्यारांची टोकं टोचू नयेत म्हणून. 

बेडकाला औषधानं झोपवलेलं होतं. पोटाची कातडी उघडली तेव्हा मला पहिलं काय वाटलं असेल तर, कुणीतरी किती निगुतीनं भरलंय हे. घाई कुठंच नव्हती. प्रत्येक गोष्ट दुसरीला जागा करून देत होती. फळ्यावर आमच्या प्राध्यापकांनी लिहिलेलं होतं: पेशी, पेशींच्या ऊती, ऊतींचे अवयव, अवयवांच्या संस्था, संस्थांचं शरीर. आणि इथं ते सगळं एकदम होतं, ओलं, चकाकणारं, आणि मध्ये काळीज चालू होतं.

घरी आले तेव्हा तू बंबात पाणी तापवून ठेवलं होतंस. मसणातून आलेल्या माणसाला घालतात तशी मला डोक्यावरून अंघोळ घातलीस. मी रडत होते, पण पाण्यात ते कळत नव्हतं. मग केस पुसताना विचारलंस, "कसं हुतं आत?"

मी सांगितलं. तू डोळे मिटून ऐकलंस.

"समदं आपल्यागतच?"

"बरंचसं."

"मग त्या समद्यांचा मालक कोण?"

"मेंदू म्हणत्यात."

"तो झोपला हुता म्हणालीस की. काळीज कुणाच्या सांगण्यावरनं चाललं हुतं?"

"त्याचं त्यो चालतं, आई. काळजातल्याच काही पेशी ठोका सुरू करत्यात. बाकीच्या त्यांचं ऐकत्यात."

तू टॉवेल माझ्या डोक्यावर तसाच ठेवलास. "वाईट वाटलं?" मी म्हणाले, तवा न्हाई वाटलं, नंतर वाटलं. "नंतर वाटलं तरी चालतंय," तू म्हणालीस. "पर वाटाय पायजे."

कोल्हापुरात माझं एम. एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू असताना मी सुट्टीला आले होते, आणि तू उंबऱ्यात, दुपारच्या उन्हात माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवलास. "बघ गं, हे काय हाय?" आंब्याच्या कोयीएवढं होतं. तू ते बऱ्याच दिवसांपासून जाणत होतीस, हळदीचं शिजवणं उरकू दे म्हणून थांबली होतीस. मिरजेत शस्त्रक्रिया झाली. गाठ तपासायला दिली होती. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं की मी प्राणिशास्त्र शिकते आणि मला ती स्लाइड बघायची आहे. त्या म्हणाल्या, "स्वतःच्या आईची? बघवेल?" मी म्हणाले, माझ्या आईनं मला बघायला पाठवलंय. ते खरंच होतं, आई. तूच खाटेवरून म्हणाली होतीस, "जा, बघून ये कशा दिसत्यात."

गुलाबी आणि जांभळा रंग होता. एका कडेला अजून सगळं जागच्या जागी होतं. दुधाच्या बारीक नळ्या, आणि प्रत्येक नळीभोवती पेशी हादग्याचा फेर धरल्यासारख्या, एकीचा हात दुसरीच्या हातात. त्याच नळ्यांतून कधीकाळी मी दूध प्याले होते. मग पट्टी जरा सरकवली आणि फेर मोडत गेला. काही पेशी आत कलंडलेल्या, काही एकीवर एक, काहींचे ठिपके फुगून नुसते काळे झालेले, आणि त्यापुढं नळी अशी उरलीच नव्हती, फक्त गर्दी. मी डोळा काढला नाही. बाईंनी खुर्ची सरकवून दिली.

परत आले तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस, पट्ट्या बांधलेली. "काय म्हणत्यात?"

मला खोटं बोलता येईना. म्हणाले, "त्या इसरल्यात, आई. आपुन कुणाच्या हाय ते इसरल्यात. थांबायचं कुठं तेच त्यांना कळंना झालंय. नुसत्या वाढत्यात." आणि मग मला एकदम राग आला, त्या बारीक काळ्या ठिपक्यांचा इतका राग की मी त्यांना शिवी दिली. तुझ्यापुढं दिलेली पहिली आणि शेवटची.

"कापून काढलं ते ब्येस केलं," तू म्हणालीस. "पर शिव्या नको देऊ. घरात कोण इसरभोळं झालं तर आपुन त्याला शिव्या देतो व्हय? तीबी माझीच हायत." एवढं बोलून तू दमलीस आणि पाणी मागितलंस. शेजारच्या खाटेवरच्या बाई टक लावून तुझ्याकडे बघत होत्या.

त्यानंतर तू जगलीस तो काळ थोडा होता, पण मला तो लांबलचक आठवतो. मी गावी जास्त राहू लागले. तू अंगणात घोंगड्यावर पडायचीस आणि म्हणायचीस, सांग, आज काय शिकलीस. मी सांगायची. बेडकाच्या पिल्लाचं शेपूट गळून पडत नाही, शेपटातल्या पेशी आपण होऊन विरघळतात म्हणून बेडूक होतो. आईच्या पोटात बाळाचा हात आधी फावड्यासारखा असतो, बोटांच्या मधल्या पेशी निघून जातात म्हणून बोटं सुटी होतात. तू स्वतःचा हात उन्हात धरून बोटांच्या फटींतून बघायचीस. "हितं हुत्या म्हण की कोणीतरी," असं त्या मोकळ्या जागेला म्हणायचीस. तुझ्या बोटांच्या कडा उन्हानं लाल दिसायच्या.

थंडीत दुखणं परत आलं. शेवटच्या दिवसांत तू एकेक पदार्थ सोडत गेलीस, कुणाला न दुखवता, जेवून उठल्यासारखी. गावाबाहेर गुऱ्हाळ लागलेलं होतं आणि काहिलीतल्या रसाचा वास दिवसभर घरात भरलेला असायचा. अशाच एका दुपारी तू मला जवळ बोलावलंस. आवाज अगदी बारीक झाला होता, पण त्यात तुझी नेहमीची चौकशी होती.

"मी गेल्यावर ह्या समद्या एकदमच जात्यात का गं, का हळूहळू?"

मला कळलं तू कुणाबद्दल विचारतेस. "हळूहळू, आई. काही लगेच, काही मागं ऱ्हात्यात थोडा येळ."

"मग लगीच उचलू नका म्हणावं. त्यांचं त्यांना उरकू दे." मग तू विचारात पडलीस. "पर लय येळ ठिवलं की अंगात नवे जीव पडत्यात. ते बी जळायला नकोत. जुनं जायाच्या आधी न्यायचं न्हाई आणि नवं यायाच्या आत न्यायचं. मधली येळ कशी काढायची?"

"मला ठावं न्हाई, आई."

तू हसलीस. "एवढी शिकलीस आणि."

दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर असताना तू गेलीस. देवळातले वडीलधारे आले, म्हणाले, वेळ करू नका, शास्त्रात सांगितलंय. अण्णा तुझ्या उशाशी मांडी घालून बसले होते. त्यांनी हे सगळं आपलं बोलणं कधी ऐकलं होतं मला माहीत नाही. ते फक्त म्हणाले, "जरा थांबू या." कुणी पुन्हा सुचवलं की पुन्हा तेच. मी तुझा पाय धरून बसले होते. तो आधी ऊबदार होता, मग नव्हता, आणि मी मनात तुझ्या आत हळूहळू मालवत जाणाऱ्या खोल्यांमधून फिरत होते, एकेकीला सांगत, सावकाश होऊ दे, कुणी घाई करणार नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा अण्णा उठले. ती वेळ बरोबर होती की नाही, हे आजही कुणी सांगू शकणार नाही.

पुढं मला सातारच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि तिथंच मी निवृत्त झाले. बटाट्याची आणि कांद्याची साल काढून किती मुलींना पेशी दाखवल्या असतील. फौजींच्या मुली, एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या मुली, डोंगरावरून चालत येणाऱ्या. सगळ्या पहिल्यांदा स्वतःच्या पापण्याच बघतात. सर कधीच गेले, तेही सांगायचं राहिलं. मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी तुझं नाव काढलं आणि माझ्यापुढं तळहात आडवा धरून दाखवला.

आता एक नवीन गोष्ट ऐक. शास्त्रज्ञ म्हणतात की मूल पोटात असताना आईच्या काही पेशी मुलाच्या अंगात शिरतात आणि तिथंच राहून जातात. वर्षानुवर्षं. मूल म्हातारं झालं तरी कधी कधी सापडतात, काळजात, यकृतात, कुठंही. सगळ्यांच्यात असतीलच असं नाही, पण असू शकतात. हे वाचलं त्या दिवशी मी सातारच्या माझ्या गच्चीवर बसले होते, समोर अजिंक्यतारा होता, आणि मी उगाच माझ्या मनगटाकडे बघत राहिले. तू गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नसेल. त्या आपल्या कामाला लागलेल्या असतील, माझ्याच समजून.

ओळखीच्या एका डॉक्टर मुलीला, माझ्याच विद्यार्थिनीला, मी हे सहज म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बाई, आता तपासता येतं हे. सोय करू का?" मी नको म्हणाले. तिनं कारण विचारलं. मी चहा उकळायला लागलाय असं सांगून आत गेले. चहा ठेवलेलाच नव्हता. आयुष्यभर पोरींना मी हेच शिकवत आले की दिसल्याशिवाय मानू नका, बघितल्याशिवाय लिहू नका. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही आणि पाठवायला ठिकाणा नाही, म्हणून तुला खरं कारण सांगते.

नाही निघाल्या तर, असं वाटलं गं.